लाख किलोमीटरनंतरही धावणारी दुचाकी

पिंपरी - जुन्या अनेक दुचाकींच्या मीटरवर ९९,९९९ हा आकडा उलटला की पुन्हा पाच शून्ये येतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हा क्षण पाहिलेल्या गाड्या काही दुर्मिळ नाहीत. एखादा कामगार निगडी किंवा भोसरीहून चाकण, महाळुंगे, खराबवाडीच्या कारखान्यात रोज ये-जा करतो. जाऊन-येऊन ५० किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले, तर वर्षाला १५ हजार किलोमीटर होतात. म्हणजे सात वर्षांत लाखाचा टप्पा सहज ओलांडला जातो. ही धाव हौसेची नसते. कायम कामगारांना कंपनीची बस असते. कंत्राटी आणि रोजंदारीवरील कामगारांपैकी अनेकांना स्वतःची दुचाकी हाच आधार असतो. सकाळच्या पहिल्या पाळीला गाडी सुरू झाली नाही, तर तो दिवस खाडा धरला जातो आणि असे खाडे वाढले की पुढच्या महिन्याचे काम राहील की नाही, हा प्रश्न उभा राहतो.

साहजिकच, शंभर सीसीची गाडी दीड-दोन लाख किलोमीटरपर्यंत कशी टिकवायची, हा येथे गप्पांचा नव्हे तर घरखर्चाचा विषय आहे. त्याचे उत्तर बहुतेकदा कंपनीच्या नावात शोधले जाते. अमुक कंपनीचे इंजिन 'मरत नाही', तमुक कंपनीचे लवकर 'बसते', असे ठामपणे सांगणारे प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतात. प्रत्यक्षात एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी एक ५० हजारांवर धूर सोडू लागते आणि दुसरी दोन लाखांवरही पहिल्या किकला सुरू होते. या दोन गाड्यांतला फरक मुख्यतः तेलाने आणि धुळीने ठरवलेला असतो.

स्कूटरची सवय, मोटारसायकलचे इंजिन

तेलाकडे दुर्लक्ष का होते, याचे एक कारण या शहराच्या इतिहासातही सापडते. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडलेली चेतक ही टू-स्ट्रोक स्कूटर होती. तिच्या इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. पेट्रोल भरताना तेलाचे माप आपोआप ओतले जाई आणि ते जळून जाई. गिअरबॉक्समधील तेल वेगळे असले, तरी इंजिनातील तेल 'पाहायचे' असते, ही कल्पनाच स्कूटरचालकाला नव्हती. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडाची सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर आणि नव्वदच्या दशकातच आलेली बजाजची बॉक्सर यांनी फोर-स्ट्रोक इंजिन सामान्य माणसाच्या दारात आणले. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची सीडी १०० ची जाहिरात गाजली. ती पेट्रोलबद्दल होती. ग्राहक मात्र तेलही विसरला.

फोर-स्ट्रोक इंजिनात तेच ते तेल हजारो किलोमीटर फिरत राहते. क्रँक, पिस्टन, कॅम यांच्याबरोबर क्लच आणि गिअरबॉक्सही त्याच तेलात बुडलेले असतात. हे तेल असते केवळ एक लिटरच्या आसपास, काही गाड्यांत त्याहूनही कमी. या एवढ्याशा तेलावर पडणारा भार हिशेबाने पाहिला तर थक्क व्हायला होते. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने लाख किलोमीटर जायला अडीच हजार तास लागतात. मिनिटाला सरासरी ४,००० फेरे धरले, तर तेवढ्या काळात क्रँक ६० कोटी वेळा फिरते. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसीच्या इंजिनात पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आणि त्याची एका दिशेची धाव ४९.५ मिलिमीटर आहे. तो प्रत्येक फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली जातो, आणि सिलिंडरच्या भिंतीपासून त्याच्या रिंगांना वेगळे ठेवणारा असतो फक्त तेलाचा पातळ थर.

दोन ऑईल-चेंजच्या मधले अंतर

तेल वेळेवर बदलावे, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु गाड्या खराब होतात त्या बहुधा तेल उशिरा बदलल्याने नव्हे, तर दोन बदलांच्या मधल्या काळात ते कमी झाल्याने. नव्या इंजिनातही तेल थोडे जळतेच. साठ-सत्तर हजारांनंतर हे प्रमाण वाढते. समजा, एखादी गाडी हजार किलोमीटरला १०० मिलिलिटर तेल खाते. पाच हजार किलोमीटरनंतर तेल बदलायला गेलेल्या मालकाच्या इंजिनात तोपर्यंत अर्धा लिटर, म्हणजे जवळपास निम्मेच तेल शिल्लक असते. शेवटचे दीड-दोन हजार किलोमीटर इंजिन अर्धपोटी धावलेले असते. डोक्यावरच्या कॅमला तेल सर्वांत शेवटी पोहोचते, त्यामुळे झीजही तेथेच आधी दिसते. तेल बदलताना जुने तेल किती निघाले, हे बहुतेक मालक पाहतच नाहीत. वास्तविक गॅरेजमध्ये उभे राहून पाहण्यासारखी ही एकच गोष्ट आहे.

उपाय बिनखर्चाचा आहे. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, तेल खाली उतरू द्यावे आणि मग पट्टी पुसून पातळी पाहावी. पट्टी आटे फिरवून आत घालायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळे असते; ते मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांना पट्टीऐवजी काचेची खिडकी असते. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पातळी चुकीची दिसते. पातळी खालच्या खुणेकडे झुकली, की त्याच दर्जाचे तेल थोडेथोडे घालून ती वर आणावी. वरच्या खुणेपलीकडे भरल्यानेही नुकसानच होते.

तेलाच्या दर्जाबद्दलही गैरसमज आहेत. मोटारीचे महागडे तेल दुचाकीत घालण्याचा मोह काहींना होतो. मोटारीच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि दुचाकीचा क्लच तेलातच असल्याने तो घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' हे मानक आणि पुस्तिकेत सांगितलेली जाडी एवढे पाहिले तरी पुरे. बजाजच्या जुन्या गाड्यांना साधारणपणे २०-डब्ल्यू-५०, तर हिरोच्या गाड्यांना १०-डब्ल्यू-३० सांगितलेले असते. बनावट तेलाचा धोका वेगळाच. रिकामे अस्सल डबे पुन्हा भरून विकले जातात, म्हणून तेल ओतल्यावर डबा तेथेच फोडून टाकणे शहाणपणाचे.

या वर्गातील कित्येक गाड्यांना मोटारीसारखा कागदी ऑईल फिल्टर नसतो, हे अनेकांना माहीत नसते. त्याऐवजी तळाशी जाळी आणि क्रँकच्या टोकाला फिरणारी एक वाटी असते. फिरण्याच्या जोरावर धातूचा चुरा आणि गाळ त्या वाटीच्या कडेला चिकटतो. ही रचना उत्तम आहे. फक्त ती स्वतःहून रिकामी होत नाही. उजव्या बाजूचे कव्हर उघडून ती साफ करावी लागते. त्यासाठी गॅस्केट नवे घालावे लागते आणि वेळ मोडतो, म्हणून हे काम टाळले जाते. क्लचचे काम निघाले, की त्याच कव्हरखालची ही वाटी साफ करून घेण्याचा आग्रह मालकाने धरावा.

धूळ आणि कोंडी

चाकण-तळेगाव, चाकण-शिक्रापूर रस्त्यांवरून अवजड ट्रकच्या मागे रोज जाणाऱ्याला धुळीबद्दल वेगळे सांगायला नको. या धुळीतील वाळूचे कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. ते आत गेले, की तेलात मिसळून पॉलिशपेपरसारखे काम करतात. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर तो रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तेलात बुडवून, पिळून पुन्हा बसवावा लागतो. कोरडा स्पंज धूळ पकडत नाही. कागदी फिल्टर मात्र धुण्याची वस्तू नाही. त्यावर हवेचा झोत मारूनही मर्यादितच उपयोग होतो आणि तेल लावलेल्या कागदाच्या बाबतीत तर तेही करू नये, तो बदलावाच. पुस्तिकेतील मुदत सर्वसाधारण रस्त्यासाठी असते. या पट्ट्यात ती निम्म्यावर आणणे योग्य ठरेल. फिल्टर बदलताना पेटीचे झाकण आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी तपासली नाही, तर नवा फिल्टर घालूनही धूळ फटीतून आत जात राहते.

दुसरा शत्रू कोंडीचा. ही इंजिने हवेने थंड होतात, म्हणजे गाडी चालली तर. चाकणच्या तळेगाव चौकात, मोशीत किंवा भोसरीच्या पुलाखाली अडकलेली गाडी तापते, पण मीटर पुढे सरकत नाही. पाच हजार किलोमीटर ताशी ४० च्या वेगाने कापायला १२५ तास लागतात. ताशी २० च्या वेगाने २५०. मीटरवरचा आकडा तोच, इंजिनाचे काम दुप्पट आणि तेही अधिक उष्णतेत. म्हणूनच रोज तास-दीड तास कोंडीत घालवणाऱ्याने किलोमीटर पूर्ण होण्याची वाट पाहू नये. तेल हजार-दीड हजार किलोमीटर आधीच बदललेले बरे.

मीटरवर विसंबण्यात आणखी एक अडचण आहे. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल तुटणे नित्याचे आणि ती महिनोन्‌महिने तशीच राहणेही नित्याचे. अशा गाडीवर ६० हजारांचा आकडा दिसत असला, तरी खरी धाव लाखाची असू शकते. रोजचे अंतर ठरलेले असल्याने कामगाराला मीटरची गरजच नाही. डायरीत किंवा कॅलेंडरवर तेल बदलल्याची तारीख लिहिली, तरी हिशेब अचूक राहतो.

गाडी बंद पडते कशाने?

रस्त्यात उभी राहिलेली गाडी इंजिन गेल्यामुळे उभी राहिली, असे क्वचितच घडते. तुटलेली क्लच केबल, काजळी धरलेला प्लग, उतरलेली चेन, मेलेली बॅटरी, सैल झालेली वायर ही खरी कारणे. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली तुटण्याआधी सूचना देतात. लिव्हरजवळ एक-दोन तारा सुटलेल्या दिसतात किंवा क्लच जड होतो. एक जादा केबल आणि एक जादा प्लग सीटखाली ठेवला, तर कित्येक खाडे वाचतात.

प्लग उघडला तर इंजिनाची प्रकृतीही कळते. त्याचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त जात असल्याचे किंवा एअर फिल्टर तुंबल्याचे सांगते. ओला, तेलकट प्लग म्हणजे तेल वर येत आहे. पांढराफटक असेल तर हवा जास्त आहे आणि इंजिन तापते आहे. फट साधारणपणे ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात.

चेनबाबत एवढेच, की साधारण अडीच-तीन सेंटीमीटर ढिलाई हवी. ताणून बसवलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ आणते. मागच्या चक्रावरून ती बोटाने मागे ओढून पाहावी. दातापासून सहज सुटत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. जुन्या दातांवर नवी चेन फार टिकत नाही. 'दिसायला बरी' म्हणून पूर्ण चेनकव्हर काढून टाकण्याची फॅशन या रस्त्यांवर महागात पडते.

आवाज, धूर आणि पीयूसी

टॅपेटच्या आवाजाची अनेकांना भीती वाटते. ते 'वाजू नयेत' म्हणून घट्ट करून घेतले जातात. वस्तुतः उलट आहे. टॅपेटची फट थंड इंजिनावर मोजतात आणि ती असते जेमतेम ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. फट थोडी जास्त असेल तर टिकटिक आवाज येतो, इतकेच. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तप्त वायू कडेने निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आवाज न करणारा टॅपेट हा म्हणूनच अधिक काळजीचा विषय.

निळा धूर दिसताच अनेक गॅरेजांत पिस्टन-रिंगचे निदान होते. थोडे निरीक्षण केले तर हजारो रुपये वाचू शकतात. सकाळी सुरू करताना किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर धुराचा लोट येऊन मग थांबत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या रबरी सीलमध्ये असतो. ते काम तुलनेने छोटे आहे. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल आणि गाडीची ओढही कमी झाली असेल, तेव्हाच रिंगांवर संशय घ्यावा. काळा धूर तेलाचा नव्हेच, तो जादा पेट्रोलचा.

पीयूसीची पावती पोलिसांना दाखवण्यापुरती खिशात ठेवली जाते. तिच्यावरील कार्बन मोनॉक्साईडचा आकडा मात्र वाचण्यासारखा असतो. २००० नंतरच्या, परंतु बीएस-६ पूर्वीच्या दुचाकींना ३.५ टक्क्यांची मर्यादा आहे. गेल्या वेळी एक टक्का दाखवणारी गाडी या वेळी तीनवर आली, तर ती उत्तीर्ण झाली असली तरी तिचा फिल्टर, चोक किंवा कार्ब्युरेटर तपासायला हवा.

'हाफ इंजिन' कधी?

सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह एवढ्यांच्या दुरुस्तीला गॅरेजच्या भाषेत 'हाफ इंजिन' म्हणतात. क्रँक आणि गिअरबॉक्सही उघडले तर 'फुल'. लाख-सव्वा लाखानंतर हाफ इंजिन करावे लागले, तर तो गाडीचा शेवट नव्हे. सिलिंडर झिजून लंबगोल झालेला असेल तर तो बोअर करून ०.२५, ०.५० अशा चढत्या मापाचा पिस्टन बसवता येतो, किंवा सिलिंडर-पिस्टनचा नवा संच घालता येतो. झिजलेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून दिल्या, की धूर दोन-चार महिने थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. बोअरनंतर भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा हव्यात, कारण त्यांतच तेल धरून राहते.

हे काम नीट झाले की नाही, हे ओळखणारे लोक या शहरात पुष्कळ आहेत. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजमाप करणारा कामगार स्वतःच्या गाडीचा सिलिंडर मात्र डोळ्यांनी पाहून 'चालेल' म्हणतो. बोअरगेज लावून वर, मधे आणि खाली, दोन दिशांनी माप घेतले, तर बोअर करायचा की नाही हा वाद दोन मिनिटांत मिटतो. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांचे अनेक दर्जे मिळतात. दिव्याची काच किंवा फूटरेस्टचे रबर स्वस्तातले चालेल. पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन आणि ब्रेकशू यांत काटकसर नको. नव्या पिस्टननंतर पहिले ५०० किलोमीटर गाडी न ताणता चालवून तेल बदलावे लागते आणि हे नेमके कोणी सांगत नाही.

आफ्रिकेतील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. भारतातून गेलेल्या बॉक्सर युगांडात 'बोडा-बोडा' म्हणून, नायजेरियात 'ओकाडा' म्हणून दिवसभर प्रवासी वाहतात. तेथे ही गाडी रुजली, कारण तिचे इंजिन साधे आहे, भाग सहज मिळतात आणि रस्त्याकडेचा मिस्त्री ते मोजक्या हत्यारांनी उघडू शकतो.

बदललेले पेट्रोल, बदललेली गाडी

अलीकडच्या काळात जुन्या गाड्यांपुढे नवा प्रश्न आला आहे. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे, तर एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात, काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतील, असे म्हटले आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरमधील ओ-रिंग यांवर लक्ष ठेवावे. इथेनॉल पाणी शोषते. त्यामुळे पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी पंधरा-वीस दिवस उभी करू नये. उभी करायचीच असेल तर टाकी भरलेली आणि कार्ब्युरेटर रिकामा असावा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत मुख्यत्वे कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. यात प्लग-पाना घेऊन रस्त्यात करण्यासारखे फारसे काही उरत नाही. बॅटरी पूर्ण उतरली तर किक मारूनही अनेक गाड्या सुरू होत नाहीत, कारण इंधनपंपाला वीज लागते. तेल जाळणारे इंजिन सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब करते आणि तो भाग महाग आहे. म्हणजे तेलाची पट्टी पाहण्याची गरज नव्या गाडीत कमी नव्हे, वाढलीच आहे.

इंजिन धडधाकट असूनही गाडी मोडीत काढण्याची वेळ येते ती बहुधा सांगाड्यामुळे. खड्ड्यांनी हँडलचा कोनसेट बसतो आणि हँडल मधोमध अडकू लागते. मागच्या चाकाच्या स्विंग आर्मचे बुश झिजले, की वळणावर गाडी डोलते. हे दोन्ही भाग स्वस्त आहेत आणि दोन्ही जिवाशी खेळणारे आहेत. चेसिसला स्टँडजवळ किंवा सीटखाली गंजाने भोक पडले असेल, तर मात्र इंजिनावर खर्च करण्यापूर्वी विचार करावा.

कागदांचा प्रश्न शेवटी येतोच. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून एक हजार रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार करण्यात आले. तपासणीच्या वेळी इंजिन आणि चेसिस क्रमांक वाचता येणे आवश्यक असते. चेसिस क्रमांक सहसा हँडलखालच्या नळीवर असतो आणि तेथेच गंज चढतो. त्यावर अधूनमधून ग्रीसचा हात फिरवावा. इंजिन क्रमांक क्रँककेसवर असल्याने सिलिंडर-पिस्टन बदलल्याने काही बिघडत नाही. परंतु जुन्या बाजारातून संपूर्ण इंजिन किंवा क्रँककेस आणून बसवली असेल, तर त्याची नोंद आरसी पुस्तकात आधी करून घ्यावी लागते आणि त्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवावी लागते.